भूल देताना रुग्णाला कसं झोपवतात आणि का : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भूलतज्ज्ञ आहे. विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत भूल द्यायला जाते. आज या दवाखान्यात, तर उद्या चाळीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या. ऑपरेशनआधी नातेवाईक इंजेक्शनबद्दल खूप विचारतात. डोस किती, शुद्ध कधी येणार, हृदयाला काही होणार नाही ना. पेशंटला टेबलावर कसं झोपवणार, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. माझं अर्धं लक्ष त्यातच गुंतलेलं असतं, कारण श्वासाची वाट मोकळी राहणं बऱ्याच अंशी त्यावर ठरतं. खालचे प्रश्न पेशंटांनी, नातेवाइकांनी आणि काही आमच्या सिस्टरांनी व नव्यानं रुजू झालेल्या डॉक्टरांनी वेळोवेळी विचारलेले आहेत.

भूल म्हणजे गाढ झोपच ना? झोपेत श्वास चालतो, मग भुलीत का अडतो?

घरात कुणी मोठ्यानं घोरत असेल तर आठवून पाहा. माणूस उताणा झोपला की घोरतो, ढोसून कुशीवर वळवला की थांबतो. उताणं झोपल्यावर जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागं घशावर येतो आणि वाट अरुंद होते, त्याचा तो आवाज. तरी झोपेत स्नायूंना थोडा ताण असतो, आणि वाट फारच बंद झाली तर माणूस दचकून जागा होतो. पूर्ण भुलीत तो ताण जातो आणि दचकून जागं होणंही जातं. त्या क्षणापासून वाट मोकळी ठेवणं माझ्या हातात येतं.

दुसरा फरक छातीत पडतो. उभ्या माणसानं सहज श्वास सोडला तरी फुप्फुसांत साधारण ३ लिटर हवा शिल्लक राहते. तो आडवा झाला की पोटातले अवयव श्वासपटलाला वर ढकलतात आणि शिल्लक पाऊण ते एक लिटरनं कमी होते. भूल चढली की आणखी अर्ध्या लिटरच्या आसपास जाते. म्हणजे मोठी घट औषधानं होत नाही, नुसतं आडवं झाल्यानं होते. कसं झोपवायचं याचा विचार इथूनच सुरू होतो.

तोंडावर मास्क धरून तीन मिनिटं नुसतं थांबता कशाला?

ती शिल्लक ऑक्सिजननं भरून घ्यायला. मोठ्या माणसाचं शरीर स्वस्थ पडून असतानाही मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं. फुप्फुसात साधी हवा असेल तर तिच्यात ऑक्सिजन जेमतेम पाचवा हिस्सा, तो दीड-दोन मिनिटांत संपत येतो. तीच जागा शुद्ध ऑक्सिजननं भरलेली असेल तर धडधाकट माणसाचा श्वास थांबला तरी रक्तातला ऑक्सिजन सात-आठ मिनिटं टिकू शकतो. लठ्ठ माणसाचा तीनेक मिनिटांतच उतरायला लागतो. दिवस भरलेल्या बाईचाही लवकर उतरतो. भुलीचं औषध दिल्यापासून श्वासनलिकेत नळी बसेपर्यंतचा वेळ आम्ही याच शिलकीवर काढतो.

मास्कनं ऑक्सिजन भरताना टेबलाची डोक्याकडची बाजू २० ते २५ अंश वर घेतली तर पोट खाली सरकतं, छाती मोकळी होते आणि शिल्लक वाढते. त्यातून जी जास्तीची मिनिटं मिळतात, त्यांना एक पैसाही लागत नाही. मास्कमुळे जीव घुसमटतो असं वाटलं तर मला सांगा, मी तो तुमच्याच हातात धरायला देईन. फक्त बाजूनं फट पडू देऊ नका, नाहीतर साधी हवा आत शिरते आणि तीन मिनिटं फुकट जातात.

“बाईले सपाट न झोपवता चादरीच्या ढिगावर काऊन बसवलं?”

एका सासऱ्यांनी थिएटरच्या दारातून डोकावून हे विचारलं होतं. आवाजात काळजी होती, थोडा रागही होता. सुनेचं वजन जास्त होतं आणि तिला पूर्ण भूल द्यायची होती.

वजनदार माणूस सपाट टेबलावर झोपला की पाठीचा वरचा भाग आणि खांदे जाड असल्यामुळे छाती वर राहते आणि डोकं मागं पडतं. हनुवटी छातीत रुतल्यासारखी होते. लॅरिंगोस्कोपचा, म्हणजे घशात घालून स्वरयंत्र पाहायच्या उपकरणाचा, दांडा छातीवर आपटतो, तोंडात नीट घालताच येत नाही. घातला तरी स्वररज्जू दिसत नाहीत. मग खांद्यांखाली, पाठीखाली आणि डोक्याखाली चादरींच्या घड्या चढत्या उतारासारख्या रचायच्या, खांद्यांखाली कमी आणि डोक्याखाली जास्त. कुठवर रचायच्या याची खूण सोपी आहे. बाजूला उभं राहून पाहायचं. कानाचं भोक आणि गळ्याखालची, छातीच्या हाडाच्या वरची खळगी एका आडव्या रेषेत आली की उतार पुरेसा झाला. चेहरा छताला समांतर हवा.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी ही रचना न करता एका वजनदार बाईला भूल दिली. रात्रीचे दोन वाजले होते, घाई होती, आणि मला वाटलं होतं की जमेल. लॅरिंगोस्कोप घातला तर नुसती जीभ दिसली. रक्तातला ऑक्सिजन उतरला की मॉनिटरचा आवाज खाली येतो, तो खाली खाली जाऊ लागला. मी दांडा बाहेर काढला, मास्कनं श्वास देत राहिले, आणि दोन सिस्टरांनी मिळून बाईचे खांदे उचलून तीन ब्लँकेटं खाली सरकवली. दुसऱ्या वेळी नळी सरळ आत गेली. बाई सुखरूप घरी गेली. चूक माझी होती, आणि ती दोन मिनिटांत टळली असती. त्या रात्रीनंतर ब्लँकेटं रचल्याशिवाय मी वजनदार माणसाला भुलीचं औषध दिलेलं नाही.

सगळ्यांना असाच उतार लागतो का?

नाही. बऱ्याच मोठ्या माणसांना डोक्याखाली सात ते नऊ सेंटीमीटरची एक घट्ट उशी पुरते. मान थोडी पुढं आणि चेहरा थोडा वर. पहिल्या पावसानंतर वावराच्या धुऱ्यावर उभं राहून मातीचा वास घेताना मान जशी आपोआप पुढं जाते आणि नाक वर होतं, तशी. लंडनचे भूलतज्ज्ञ आयव्हन मॅगिल यांनी १९३६ साली हीच स्थिती सकाळची हवा हुंगणाऱ्या माणसाची उपमा देऊन सांगितली. त्यांच्या नावाचा वाकडा चिमटा आजही आमच्या ट्रेमध्ये असतो. अशी मान ठेवल्यानं तोंड, घसा आणि स्वरयंत्र एका रेषेत येतात, असं स्पष्टीकरण १९४४ पासून शिकवलं जात होतं. पुढं एमआरआयमध्ये पाहिल्यावर ते पूर्ण खरं नाही असं दिसलं. तरीही सुरुवात करायला ही स्थिती चांगली, हा बहुतेकांचा अनुभव आहे. नवीन डॉक्टरांना मी एवढंच सांगते की उशीची उंची ठरलेली नसते, ती समोरच्या माणसाच्या मानेवर ठरते.

अंबाडा सोडायला का सांगता?

कारण डोक्यामागं घट्ट अंबाडा असला की डोकं उशीवर टेकत नाही. ते एका बाजूला कलंडतं किंवा पुढं येतं, आणि आत्ता सांगितलेली सगळी मांडणी बिघडते. दोन वेण्या घालून त्या कानामागून पुढं घेतल्या की झालं. म्हाताऱ्या आजींना हे अपमानाचं वाटतं, म्हणून सिस्टरांनी कारण सांगून मगच केसांना हात लावावा. कवळी असेल तर काढून नातेवाइकांकडे द्या. मंगळसूत्र काढायला मन तयार होत नसेल तर आधी मला सांगा, आपण मार्ग काढू. गळ्यात लपवून ठेवू नका.

खर्रा खातो हे भूलवाल्या डॉक्टरला सांगायलाच पाहिजे का?

सांगायलाच पाहिजे. या पानावर मला सगळ्यात जास्त कळकळीनं लिहायचं आहे ते हेच.

सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीपासून नागपूर-यवतमाळपर्यंत विशीतली पोरंसुद्धा दिवसभर गालात धरून ठेवतात. सुपारीनं गालाच्या आतली कातडी हळूहळू पांढुरकी आणि ताठ होते, आत दोरीसारखे पट्टे तयार होतात आणि तोंड उघडेनासं होतं. आधी तिखट झोंबायला लागतं, मग भाकरीचा घास लहान करावा लागतो. माणसाला याची सवय होते, त्यामुळे विचारलं तर “तोंडाले काही त्रास नाई” म्हणतो.

आरशासमोर उभं राहून स्वतःची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांमध्ये घालून पाहा. तीन बोटं गेली तर ठीक. दोनच गेली तर मला काळजी वाटते. एकच गेलं तर नेहमीच्या पद्धतीनं तोंडातून नळी घालणं जवळपास अशक्य असतं.

उशी, उतार, मानेची दिशा यांनी खूप काही साधतं, पण हा जबडा त्यांनी उघडत नाही. दुखण्यामुळे आवळलेला जबडा भुलीच्या औषधानं सैल होतो. खर्ऱ्यानं ताठलेला होत नाही. म्हणजे तुम्ही लपवलंत तर मला ते कळतं तुमचा श्वास थांबल्यानंतर. आधी कळलं तर मार्ग आहेत. पेशंटला जागं ठेवून, बसवून, घसा बधिर करून, नाकातून बारीक दुर्बिणीवरून नळी घालता येते. बसलेल्या माणसाची जीभ मागं पडत नाही आणि तो स्वतः श्वास घेत राहतो, म्हणून ही पद्धत सुरक्षित. तालुक्याच्या ठिकाणी ती दुर्बीण बहुधा नसते. तेव्हा मी नागपूर किंवा सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात पाठवते, आणि एक दिवस गेला तरी चालेल पण जा, असं हात जोडून सांगते.

गळ्याला लहानपणी भाजलेलं आहे. त्याचा काही संबंध?

मोठा संबंध आहे. चुलीनं किंवा स्टोव्हनं भाजल्यानंतर मानेची कातडी आक्रसून हनुवटी छातीकडे ओढली गेली असेल तर मान मागं जात नाही, आणि मान मागं गेली नाही तर स्वरयंत्र दिसत नाही. पदर किंवा ओढणी बाजूला करून व्रण दाखवा. कधी कधी आधी ती आवळलेली कातडी सोडवून मगच नळी घालावी लागते, आणि त्याची तयारी आधीपासून करायची असते.

बाळंतिणीच्या उजव्या कुल्ल्याखाली उशी का ठेवता?

नऊ महिन्यांची बाई सपाट उताणी झोपली की गर्भाशय पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर दाब देतं. शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे नीट परत येत नाही, रक्तदाब पडतो, गरगरतं, बाळाचाही रक्तपुरवठा कमी होतो. उजव्या बाजूखाली पाचर ठेवून तिला साधारण १५ अंश डावीकडे कललेली ठेवली की हा दाब कमी होतो.

तिच्या श्वासाची गोष्टही वेगळी आहे. फुप्फुसातली शिल्लक सुमारे २० टक्क्यांनी कमी, ऑक्सिजनची गरज तेवढीच वाढलेली, घशाच्या आतली त्वचा सुजलेली, आणि कळा सुरू झाल्यावर पोटातलं अन्न पुढं सरकत नाही. भुलीत अन्न आणि आम्ल वर येऊन फुप्फुसात गेलं तर काय होतं, हे अमेरिकेतल्या मेंडेल्सन यांनी १९४६ साली बाळंतिणींच्या नोंदींवरूनच दाखवून दिलं. म्हणून सिझेरियनसाठी शक्यतो अंगाचा खालचा भाग बधिर करणारं पाठीतलं इंजेक्शन देतो. पूर्ण भूल द्यावीच लागली तर डोक्याखाली उतार, डावीकडे कल आणि भरपूर ऑक्सिजन या तिन्ही गोष्टी पुऱ्या झाल्याशिवाय औषध देत नाही, मग बाहेर कितीही आरडाओरडा होवो.

पाठीतल्या इंजेक्शनमध्ये नळीच घालायची नसते. मग उशी-उताराचं काय काम?

कधी औषध अपेक्षेपेक्षा वर चढतं, कधी ऑपरेशन लांबतं आणि पूर्ण भुलीकडे वळावं लागतं. ती वेळ सांगून येत नाही, म्हणून मांडणी आधीच केलेली बरी.

पाठीतलं इंजेक्शन घेतल्यावर चोवीस तास उशी घ्यायची नाही, खरं का?

गावोगावी हे सांगितलं जातं, पण सपाट पडून राहिल्यानं नंतरची डोकेदुखी टळत नाही. ती टळते बारीक सुईनं. आम्ही २५ किंवा २७ गेजची वापरतो (आकडा मोठा, तितकी सुई बारीक). डोकं उठल्यावर दुखतं आणि झोपल्यावर थांबतं असं झालं तर कळवा, त्यावर उपाय आहेत. उशी दिली म्हणून सुनेला दोष लागावा, एवढी ती मोठी गोष्ट नाही.

आमच्या लेकराले तर उशीच नाही दिली!

बाळाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं आणि मागचा भाग फुगीर असतो. उशीविनाच त्याची मान पुढं झुकते. उशी दिली तर हनुवटी छातीला टेकेल आणि वाट बंद होईल. उलट लहान बाळाच्या खांद्यांखाली आम्ही दुपट्याची पातळ गुंडाळी ठेवतो. मोठ्या माणसाच्या बरोबर उलटं.

बाळाच्या बाबतीत घाई आणखी जीवघेणी ठरते. वजनाच्या हिशेबात ते मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट ऑक्सिजन वापरतं. नवजात बाळाची श्वासनलिका जेमतेम चार-पाच सेंटीमीटर लांब असते. नळी घातल्यावर डोकं थोडं वाकलं तर ती एकाच फुप्फुसात उतरते, थोडं मागं गेलं तर बाहेर निघते. म्हणून मी बाळाच्या डोक्यापाशी उभी असते आणि कुणाला टेबल हलवू देत नाही.

मुतखड्याच्या ऑपरेशनला पालथं झोपवणार म्हणतात. श्वास कसा घेणार?

नळी आणि मशीनवर. आधी तुमच्याच ट्रॉलीवर उताणं ठेवून भूल देतो, नळी घालतो, पक्की चिकटवतो आणि मग सगळे मिळून पालथं करतो. छातीखाली आणि कमरेखाली गुंडाळ्या ठेवून पोट अधांतरी ठेवलं तर श्वास सोपा जातो. मान वाकली की नळी आत सरकते, मान मागं गेली की बाहेर येते; मोठ्या माणसात दोन्हीकडे मिळून चारेक सेंटीमीटरचा फरक पडू शकतो. म्हणून वळवल्यानंतर दोन्ही बाजूंचा श्वास पुन्हा ऐकतो. डोळ्यांवर दाब येत नाही ना, हे दर थोड्या वेळानं बघतो. रिकामी ट्रॉली दाराबाहेर तयार असते, कारण नळी निघाली तर पेशंटला लगेच उताणं करायला ती लागते. ती ट्रॉली दुसऱ्या वॉर्डात नेऊ नका, ही सिस्टरांना विनंती.

दुर्बिणीच्या नसबंदीत डोकं खाली का करतात?

आतडी छातीकडे सरकून ऑपरेशनची जागा दिसावी म्हणून. पोटात गॅस, त्यात डोकं खाली, म्हणजे श्वासपटलावर दुहेरी भार. ही ऑपरेशनं बऱ्याचदा झोपेचं औषध आणि जागेवरची भूल देऊन होतात, नळी नसते. म्हणून झोपेचं औषध बेतानं द्यावं, कल गरजेपुरता ठेवावा, बोटाला ऑक्सिमीटर लावलेला असावा आणि गॅस निघाल्यावर बाईला लगेच सरळ करावं. दिवसात बाया किती आहेत, यावर यातलं काहीही कमी-जास्त होऊ नये.

बुढ्याले दमा हाय, सपाट झोपताच येत नाही.

मग झोपवणार नाही. भुलीचं औषध देईपर्यंत बसतंच ठेवू. रात्री किती उशा लागतात ते मात्र सांगा. दोनाच्या तीन झाल्या असतील तर आधी हृदय तपासून घेऊ.

“फक्त चहाच तर घेतला.”

दुधाचा चहा म्हणजे अन्न. त्यानंतर भुलीआधी सहा तास जायला हवेत. बस स्टँडवरचा तर्री पोहा किंवा समोसा तेलकट, त्याला आठ तास. आईचं दूध चार तास. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, लेकरांना उगाच रात्रभर तहानलेलं ठेवू नका. डोक्याकडची बाजू वर ठेवली तर पोटातलं वर येणं कमी होतं, पण भरल्या पोटाला तो इलाज नाही. खाल्लं असेल तर रागावणार नाही, फक्त खरं सांगा.

अपघात किंवा विषबाधा झालेल्याला दवाखान्यात कसं आणायचं?

मोहाच्या झाडावरून पडलेला, गाडीवरून पडलेला माणूस हातपाय धरून उचलू नका. मानेला इजा असू शकते. एकानं डोकं दोन्ही हातांनी अंगाच्या रेषेत धरावं, बाकीच्यांनी त्याच्या सांगण्यावर एकदम उचलून फळीवर किंवा दारावर ठेवावं. बेशुद्ध असेल आणि घरघर येत असेल तर डोकं मागं न वाकवता जबड्याचे कोन खालून पुढं ढकला. आम्हीही नळी घालताना एका माणसाला मान धरायला लावतो, उशी देत नाही.

फवारणीच्या औषधाची बाधा झालेल्याच्या तोंडातून लाळ आणि फेस येतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यानं हे दुःख फार जवळून पाहिलं. अशा माणसाला उताणं टाकून आणू नका. डाव्या कुशीवर, तोंड किंचित खाली, म्हणजे लाळ बाहेर वाहील. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. बेशुद्ध माणसाची उलटी फुप्फुसात जाते. कपडे काढून अंग धुवा आणि डब्यावरचं लेबल सोबत आणा.

ऑपरेशननंतर वॉर्डात आणल्यावर आम्ही काय करायचं?

पेशंट पूर्ण शुद्धीवर नसेल तर सिस्टरांनी कुशीवर ठेवलेलं असतं. सोयीसाठी उताणं करू नका, डोक्याखाली जाड उशी सरकवू नका. घशातून घरघर, घोरण्यासारखा आवाज आला, किंवा छाती हलते आहे पण नाकासमोर हाताला हवा लागत नाही असं वाटलं, तर मला शोधत बसू नका. हनुवटी वर उचलून धरा आणि सिस्टरना ओरडून बोलवा. पाणी विचारल्याशिवाय देऊ नका.

सिकल सेलचं कार्ड दाखवायचं का?

हो, पहिल्याच भेटीत. सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. ऑक्सिजन थोडा वेळ जरी उतरला तरी सिकल सेलच्या पेशी आकार बदलतात आणि रक्तवाहिन्या तुंबतात. अशा पेशंटला थंडी वाजू देत नाही, सलाईन आधीपासून लावते, आणि एकदा रचलेली उशी पुन्हा एकदा तपासते.